दुखरा खांदा तपासताना: आधी कोपर बरगडीला टेकवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. खांदा दुखतो म्हणून रुग्ण येतो, तुम्ही शिकलेल्या झाडून सगळ्या टेस्ट करता, त्यातल्या आठ-दहा पॉझिटिव्ह येतात आणि शेवटी केसपेपरवर 'रोटेटर कफ? फ्रोजन? मान?' अशी तीन प्रश्नचिन्हं टाकून एमआरआय सांगता (रोटेटर कफ म्हणजे सांध्याभोवतीचे चार स्नायू आणि त्यांचे टेंडन, फ्रोजन म्हणजे आखडून बसलेला सांधा). रिपोर्टमध्ये आणखी चार गोष्टी निघतात आणि गोंधळ वाढतो. तर क्रम काय ठेवावा आणि कुठल्या टेस्टवर किती विसंबावं?

माझीही पहिली काही वर्षं अशीच गेली. टेस्टच्या नावांची यादी तोंडपाठ होती, निदान मात्र जागेवर सापडायचं नाही. यात तुमचा हात चुकत नाही, क्रम चुकतो. खांद्याच्या स्पेशल टेस्ट शेवटी करायच्या असतात आणि आपण त्या आधी करायला जातो. नीअरची टेस्ट घ्या. इम्पिंजमेंटवरचा, म्हणजे हात उचलताना हाडाखाली टेंडन चिमटण्यावरचा, नीअर यांचा लेख १९७२ चा. नंतर १९८० मध्ये हॉकिन्स आणि केनेडी यांची टेस्ट आली. दोन्हींत हात उचलायचा किंवा उचलून आत फिरवायचा. ॲक्रोमियनच्या (खांद्याच्या माथ्यावरच्या हाडाच्या) खालच्या त्या चिंचोळ्या जागेत सुप्रास्पायनेटस या कफच्या वरच्या स्नायूचा टेंडन, त्यावरची बर्सा (घर्षण कमी करणारी पिशवी), बायसेप्सचा लांब टेंडन आणि सांध्याची कॅप्सूल एकमेकांना चिकटून बसलेली असतात. हात उचलून पिळला की सगळ्यांवरच दाब येतो. त्यामुळे यातलं काहीही दुखत असलं तरी टेस्ट पॉझिटिव्ह येणार. फ्रोजन शोल्डरच्या रुग्णाला नीअर करून पाहा, तो ओरडेल. मग काय त्याला इम्पिंजमेंट म्हणायचं?

म्हणून मी स्वतःला आधी तीनच प्रश्न विचारतो. दुखणं खरंच खांद्याचं आहे का? खांद्याचं असेल तर सांधा अडकलाय का? अडकलेला नसेल तर ताकद गेली आहे का? या तिघांची उत्तरं मिळेपर्यंत कुठल्याही नावाच्या टेस्टला हात लावत नाही.

पहिला प्रश्न रुग्ण बोलत असतानाच निम्मा सुटतो. 'खांदा' म्हणताना प्रत्येकाच्या मनात वेगळी जागा असते. कुणाचा खांदा मानेच्या बुंध्यापासून सुरू होतो, कुणाचा पाठीतल्या फऱ्यावर असतो. तेव्हा "कुठे दुखतं?" असं विचारून थांबू नका, "दुसऱ्या हातानं दाखवा" म्हणा आणि त्या हाताकडे बघा. दंडाच्या बाहेरच्या बाजूवरून, डेल्टॉइडवरून, तळहात वर-खाली फिरला तर दुखणं कफचं किंवा मुख्य सांध्याचं असण्याची शक्यता मोठी. या भागाची संवेदना मानेतल्या सी-५ या नसेकडे जाते, म्हणून दुखणं आत असूनही जाणवतं दंडावर. पुष्कळ रुग्ण तर "खांदा नाही हो, दंड दुखतो" असंच सांगतात आणि दंडाला मलम चोळून आलेले असतात. एकाच बोटानं खांद्याच्या माथ्यावरचा एकच बिंदू दाखवला तर एसी जॉइंट, म्हणजे कॉलरबोन ॲक्रोमियनला मिळतं तो सांधा. आणि हात मानेपासून निघून खांद्याच्या वरून फऱ्यापर्यंत गेला, किंवा कळ कोपराखाली उतरून बोटांत मुंग्या आणते असं सांगितलं, तर आधी मानेकडे वळायचं.

वय विचारायचं ते निदानाच्या दृष्टीनं. पंचविशीच्या आतल्या खेळाडूचा खांदा बहुधा निसटणारा असतो. चाळीस ते साठमध्ये फ्रोजन शोल्डर. साठीपुढे कफ फाटणं आणि सांध्याची झीज. अपवाद असतातच, पण वयाच्या विरुद्ध निदान करत असाल तर पुरावा जास्त भक्कम हवा. मधुमेह आणि थायरॉइड हे दोन प्रश्न मी कधी चुकवत नाही. फ्रोजन शोल्डर दिसला म्हणून रक्तातली साखर बघायला सांगितली आणि मधुमेह तिथेच पहिल्यांदा सापडला, असं एकदा नव्हे, बऱ्याचदा झालंय.

रात्रीच्या दुखण्याबद्दल एक सांगतो. 'रात्री दुखतं' हे जवळजवळ प्रत्येक खांद्याचा रुग्ण म्हणतो, कारण त्या कुशीवर झोपता येत नाही. त्यावरून कफ आणि फ्रोजन वेगळे काढता येत नाहीत. पण कुशीचा काही संबंध नाही, उठून बसलं तरी दुखतं, हात कसाही ठेवला तरी तेवढंच, असं कुणी सांगितलं की मी खुर्चीत सरसावून बसतो. हलवल्यानं जे दुखणं कमी-जास्त होत नाही, ते सहसा खांद्याचं नसतं. छातीतून येणारं दुखणं श्रमानं वाढतं आणि थांबल्यावर ओसरतं, सोबत घाम, धाप असते. असा रुग्ण टेबलावर झोपवून तपासत बसायचा नाही, ईसीजी काढायचा. पित्ताशय, प्लीहा किंवा डायफ्रॅमखाली साचलेलं रक्त खांद्याच्या माथ्यावर दुखवतं, कारण डायफ्रॅमची (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याची) फ्रेनिक नस सी-३, ४, ५ मधूनच निघते. फुफ्फुसाच्या टोकाची गाठ तर महिनोन्‌महिने 'खांदेदुखी' म्हणून शेकत राहते. त्या बाजूची पापणी किंचित उतरलेली, बाहुली लहान, हाताच्या पंजातले स्नायू बारीक झालेले. हे तिन्ही बघायला अर्धं मिनिट लागतं. ताप आणि गरम सांधा, वजन उतरणं, पूर्वी झालेला कॅन्सर हे तर विचारायचंच.

आता कपडे. शर्टाची बाही वर सारून खांदा तपासता येत नाही. दोन्ही खांदे, पाठ आणि मान उघडी हवी, रुग्णाचा संकोच सांभाळून. आणि बघायला सुरुवात मागून करायची. समोरून बघणारा अर्ध्या गोष्टींना मुकतो. मागून फऱ्यावरच्या आडव्या हाडाच्या उंचवट्याखाली खळगा दिसला तर इन्फ्रास्पायनेटस, म्हणजे हात बाहेर फिरवणारा कफचा स्नायू, वाळलाय. तिथली खाच प्रकाश आडवा पडला की जास्त उठून दिसते, म्हणून मी रुग्णाला खिडकीकडे अर्धवट वळवून उभं करतो. समोरून दंडात खाली सरकलेला गोळा दिसला तर बायसेप्सचा लांब टेंडन तुटलाय. हे लोक अनेकदा सांगतात की मध्यंतरी 'टक्' झालं आणि तेव्हापासून दुखणं उलट कमीच झालं.

मग रुग्णाला दोन्ही हात एकदम बाजूनं वर करायला सांगायचं आणि आपण मागेच उभं राहायचं. फरे कसे हलतात ते बघायचं. हात उचलण्यात ढोबळमानानं दोन वाटे मुख्य सांध्याचे आणि एक वाटा फऱ्याचा असतो. हा हिशेब इनमन आणि सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये मांडला. दुखऱ्या बाजूचा फरा सुरुवातीपासूनच वर चढायला लागला, म्हणजे माणूस हात न उचलता खांदा उडवतोय, तर सांधा अडकलाय किंवा कफ काम करत नाही. दोन्हींत दिसायला चित्र एकच. फरक पुढे कळतो. हात खाली आणतानाही लक्ष ठेवा. पुष्कळांचा हात वर जाताना ठीक जातो आणि उतरताना मध्येच झटका घेतो. ६० ते १२० अंशांच्या मधल्या पट्ट्यात दुखून पुढे मोकळं झालं तर कफ आणि बर्सा. अगदी वरच्या टोकाला दुखलं तर एसी जॉइंट.

मानेला एक मिनिट द्या. मान मागे आणि दुखऱ्या बाजूला झुकवून कळ हातात उतरते का बघायचं (स्परलिंगची टेस्ट, १९४४). कळ आली की तिथेच थांबायचं, वरून दाब देऊन खात्री करून घ्यायची हौस नको. दुसरी खूण रुग्ण स्वतःच देतो. मानेतली नस दाबलेला माणूस तळहात डोक्यावर ठेवून बसतो, कारण त्यानं आराम पडतो. खांद्याच्या रुग्णाला तीच गोष्ट जमत नाही. वेटिंगमध्ये कोण डोक्यावर हात ठेवून बसलंय हे आत येण्याआधीच दिसलं तर बरंच काम झालं.

आता शीर्षकातली गोष्ट. माझ्या लेखी खांद्याची ही एक तपासणी बाकी सगळ्यांना भारी आहे: कोपर बरगडीला टेकवून, आपण स्वतः हात बाहेर फिरवणं, म्हणजे पॅसिव्ह एक्स्टर्नल रोटेशन. करायचं कसं, ते नीट सांगतो, कारण घाईत ती बिघडते. रुग्ण बसलेला किंवा उताणा, कोपर ९० अंशात वाकवलेलं. एका हातानं कोपर बरगडीला धरून ठेवायचं. ते सुटलं की रुग्ण नकळत हात बाजूला नेतो आणि तुम्हाला खोटे वीस अंश जास्त मिळतात. दुसऱ्या हातानं मनगट धरून हळू बाहेर न्यायचं. रुग्ण धड वळवून फसवतो, तेव्हा छातीवर नजर ठेवायची. शेवटापर्यंत गेल्यावर तिथे काय लागतं ते हाताला कळू द्या. निरोगी सांधा चामड्याचा पट्टा ताणल्यासारखा थांबतो, थोडा लवचीक. फ्रोजन शोल्डर त्याच्या खूप आधी थांबतो आणि तिथे काहीही लवत नाही, जणू आतून कुणी दार धरलंय. दुखतंय म्हणून स्नायू आवळून थांबवणारा रुग्ण वेगळा लागतो. त्याला बोलण्यात गुंतवलं, श्वास सोडायला लावला की हात आणखी पुढे जातो. हा फरक चार रुग्णांत कळणार नाही, चाळिसांत कळेल. आणि दोन्ही बाजू करा, चांगली आधी. फक्त मधुमेही रुग्णात 'चांगली' बाजूही आधीच आखडलेली असू शकते, हे लक्षात ठेवा.

एक्स्टर्नल रोटेशनच का? कारण फ्रोजन शोल्डरमध्ये आखडते ती मुख्यतः सांध्याच्या पुढची-वरची कॅप्सूल आणि तिथला कोराकोह्युमरल लिगामेंट. कोपर अंगाशी असताना हात बाहेर फिरवला की नेमका तोच ताणला जातो. शिवाय या हालचालीत ॲक्रोमियनखालची जागा दाबली जात नाही, त्यामुळे निव्वळ कफचं दुखणं असलेल्या माणसाचा हात इथे बऱ्यापैकी मोकळा फिरतो. एका हालचालीत दोन मोठे गट वेगळे.

हात अडला तर निदानं प्रामुख्यानं तीन: फ्रोजन शोल्डर, सांध्याची झीज, आणि मागे निखळून अडकलेला खांदा. तिसऱ्यानं मला एकदा चांगलाच धडा दिला. चाळिशीतले गृहस्थ, दोन महिने खांदा आखडलेला, हात बाहेर जराही फिरत नाही, वय बरोबर, साखर थोडी वर. मी फ्रोजन शोल्डर लिहिलं आणि व्यायाम सुरू केले. सोबतचा समोरून काढलेला एक्स-रे होता, त्यात मला काही दिसलं नाही. तीन आठवड्यांनी त्यांच्या पत्नी सोबत आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "फीट आली होती ना, तेव्हापासूनच हे." मी फीटबद्दल विचारलंच नव्हतं. बगलेतून एक्स-रे काढला तर हाडाचं डोकं मागे जाऊन बसलेलं. फीट किंवा विजेचा झटका आला की सगळे स्नायू एकदम आवळतात. हात आत फिरवणारे स्नायू बाहेर फिरवणाऱ्यांपेक्षा कितीतरी दणकट असतात, म्हणून खांदा मागे निसटतो. समोरच्या एक्स-रेत ते सहज सुटतं. डोकं फक्त बल्बसारखं गोल दिसतं, इतकंच. त्या दिवसापासून हात बाहेर फिरत नसेल तर फीट, शॉक आणि पडणं विचारल्याशिवाय आणि दोन दिशांनी एक्स-रे बघितल्याशिवाय मी फ्रोजन शोल्डर हा शब्द उच्चारत नाही. एक्स-रे साफ असेल तर मात्र निदान झालं. त्यासाठी एमआरआय लागत नाही.

उलटंही होतं, आणि ते फार कमी लोक बघतात. दुखऱ्या बाजूचा हात दुसऱ्यापेक्षा जास्त बाहेर गेला तर सबस्कॅप्युलॅरिस, म्हणजे हात आत फिरवणारा कफचा पुढचा स्नायू, तुटल्याची शंका घ्या. पुढचा लगाम सुटला की हात जास्त फिरणारच.

बाकीच्या पॅसिव्ह हालचाली झटकन होतात. फरा दाबून धरून हात बाजूनं किती उचलता येतो ते बघा. हात पाठीमागे नेऊन अंगठा कुठल्या मणक्यापर्यंत जातो ते लिहा. फऱ्याचं खालचं टोक साधारण छातीच्या सातव्या मणक्यापाशी असतं, ती खूण धरायची. पाठीमागे हात जाणं मात्र जवळजवळ प्रत्येक दुखऱ्या खांद्यात कमी होतं, त्यावरून निदान करू नका. प्रगती मोजायला ते उत्तम.

आता तिसरा प्रश्न, ताकद. पॅसिव्ह हालचाल पूर्ण आणि रुग्णाचा स्वतःचा हात मात्र अर्ध्यात अडकतो, तर कफ फाटलाय किंवा नस गेलीय. इथे नावाच्या टेस्ट कामाला येतात, कारण आता त्या एका ठरावीक स्नायूला प्रश्न विचारतात.

इन्फ्रास्पायनेटससाठी कोपर पुन्हा बरगडीला, हात थोडा बाहेर, आणि "मला आत ढकलू देऊ नका". त्याहून विश्वासार्ह म्हणजे लॅग. आपण स्वतः हात बाहेर फिरवून ठेवायचा, "इथेच धरून ठेवा" म्हणायचं आणि मनगट सोडायचं. हात फाटकाच्या झडपेसारखा आत आला तर कफचा मोठा तुकडा गेलाय. यात जोर लावायचा नसतो, त्यामुळे दुखण्याचा गोंधळ कमी. हात बाजूला ९० अंशांवर आधार देऊन हेच केलं आणि तो आत कोसळला तर टेरेस मायनर हा कफचा छोटा स्नायूही गेलाय.

सुप्रास्पायनेटससाठी जोबची टेस्ट: हात ९० अंशांवर, सरळ बाजूला न नेता थोडा पुढे, फऱ्याच्या रेषेत, अंगठा खाली, आणि वरून दाब. अंगठा खाली केल्यानं दुखणं वाढतं, म्हणून मी बऱ्याचदा अंगठा वर ठेवूनच करतो. ताकद तशीही कळते, आणि मला ताकदच बघायची असते.

सबस्कॅप्युलॅरिस सगळ्यात जास्त दुर्लक्षित. गर्बर आणि क्रशेल यांची १९९१ ची लिफ्ट-ऑफ छान आहे, पण दुखऱ्या माणसाचा हात पाठीमागे नेलाच जात नाही, तर तो उचलणार काय? म्हणून पोटावर हात दाबायला सांगायचा. तळहात पोटावर, मनगट सरळ, कोपर पुढे, आणि "पोट दाबा". सबस्कॅप्युलॅरिस धड असेल तर कोपर पुढेच राहतं. नसेल तर रुग्ण मनगट वाकवतो, कोपर मागे पडतं आणि खांद्याच्या मागच्या स्नायूंनी ओढून दाबल्याचं नाटक होतं. ते नाटक मनगटात दिसतं, म्हणून नजर मनगटावर.

आता सगळ्यात अवघड भाग. ताकद कमी लागली, पण ती खरंच कमी आहे की दुखतंय म्हणून रुग्णानं सोडून दिलं? मी सरळ विचारतो: "दुखलं म्हणून सोडलंत, की जोरच आला नाही?" लोक नेमकं उत्तर देतात. हाताच्या लागण्यातही फरक असतो. दुखण्यानं सुटलेला हात आधी क्षणभर पूर्ण जोर देतो आणि मग एकदम सोडतो. फाटलेल्या कफचा हात सुरुवातीपासूनच मेणासारखा वाकत जातो. तरीही ठरत नसेल तर नीअरची इंजेक्शन टेस्ट: ॲक्रोमियनखाली पाच ते दहा मिली एक टक्का लिग्नोकेन (बधिर करणारं औषध), दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा ताकद तपासायची. दुखणं गेलं आणि ताकद परतली तर कफ शाबूत असण्याची शक्यता मोठी. दुखणं गेलं आणि ताकद तशीच, तर फाटलाय. अर्थात हे डॉक्टरनं, निर्जंतुक पद्धतीनं, ॲलर्जी विचारून करायचं काम. संसर्गाची शंका असेल तिथे सुई अशा टेस्टसाठी घालायची नाही.

टेस्ट एकेकट्या घेण्यापेक्षा एकत्र वाचल्या की त्यांचं वजन कसं वाढतं, याचा एक चांगला दाखला २००१ मधल्या मरेल आणि वॉल्टन यांच्या कामात आहे. सुप्रास्पायनेटस कमजोर, बाहेर फिरवायची ताकद कमी, आणि इम्पिंजमेंटची खूण, असं तिन्ही असेल, किंवा यातलं दोन आणि वय साठीच्या वर, तर कफ फाटलेला असण्याची शक्यता त्यांना ९८ टक्के आढळली. तिन्ही साध्या, टेबलावर दोन मिनिटांत होणाऱ्या गोष्टी.

पडून खांदा निखळलेला, बसवलेला, आणि तीन आठवड्यांनी हात वर जात नाही असा चाळिशीपुढचा रुग्ण आला तर 'नस दबली असेल, येईल हळूहळू' म्हणून घरी पाठवू नका. अशा वयात निखळताना कफ फाटतो. डेल्टॉइडला जाणारी ॲक्झिलरी नस तपासायची ती दंडाच्या बाहेरच्या बाजूची संवेदना बघून आणि डेल्टॉइड आवळतो का हे बोटांनी चाचपून. फक्त संवेदनेवर भरवसा नको, ती शाबूत असून नस दुखावलेली असू शकते. डेल्टॉइड आवळतोय आणि हात उचलत नाही, तर दोष कफचा. ताजा फाटलेला कफ लवकर दुरुस्त झाला तर चांगला बसतो. महिने गेले की टेंडन मागे ओढला जातो आणि स्नायूत चरबी भरते.

एसी जॉइंटला वेळ लागत नाही. बोटानं सांध्यावर दाबायचं, मग हात छातीवरून आडवा दुसऱ्या खांद्याकडे न्यायचा. दुखलं तर कुठे, ते विचारायचं. माथ्यावर दुखलं तरच एसी. मागच्या बाजूला ताणलं तर ती मागची कॅप्सूल आहे. बायसेप्सच्या स्पीड आणि यर्गासन टेस्ट मी करतो, पण त्यांच्यावर भिस्त ठेवत नाही. ओब्रायनच्या टेस्टबद्दलही माझं मत फारसं चांगलं नाही. लेब्रम, म्हणजे सांध्याच्या खोबणीची कड, फाटल्याचं निदान पन्नाशीच्या माणसात तिच्या जोरावर करू नये.

निसटणारा खांदा मात्र शेवटीच तपासा, कारण त्यानंतर रुग्ण तुम्हाला हात लावू देणार नाही. उताणं झोपवून हात ९० अंश बाजूला आणि हळू बाहेर फिरवायचा. बघायचं चेहऱ्याकडे. भुवया आवळतात, दुसरा हात तुमचं मनगट धरायला येतो, "नको नको, निघेल" असं तोंडातून जातं, ती खरी पॉझिटिव्ह. नुसतं दुखलं तर ती पॉझिटिव्ह धरू नका. तळहातानं खांद्याचं डोकं मागे दाबून धरल्यावर तीच भीती गेली तर शंका उरत नाही.

आता दोन-तीन निदानं, जी माहीत असली तरच दिसतात. एका रात्रीत भयंकर दुखणं सुरू, हात पोटाशी घट्ट धरलेला, कुणी जवळ आलं तरी घाबरणारा रुग्ण, ताप नाही: टेंडनमधला कॅल्शियमचा खडा विरघळत असेल, एक्स-रेत दिसेल. त्यातही संसर्ग नाही याची खात्री आधी. दुसरं, काही दिवस किंवा आठवडे असह्य दुखून दुखणं ओसरतं आणि नेमकी तेव्हाच ताकद जाते, स्नायू वाळतात: १९४८ मध्ये पार्सनेज आणि टर्नर यांनी वर्णिलेला नसांचा आजार. याला भिंत ढकलायला सांगा, फरा पंखासारखा वर आला तर फरा बरगड्यांशी धरून ठेवणाऱ्या सेराटस अँटिरियर स्नायूची नस गेली आहे. हात डोक्यावरून फेकणाऱ्या खेळाडूत फक्त इन्फ्रास्पायनेटस वाळलाय आणि सुप्रास्पायनेटस ठणठणीत, तर फऱ्याच्या खाचेत नस दाबणारी गाठ शोधायची. इथे एमआरआय खरंच हवा. आणि पन्नाशीपुढचा माणूस दोन्ही खांदे एकदम धरल्याचं सांगतो, सकाळी पाऊण तासाहून जास्त वेळ अंग आखडलेलं असतं, तर पॉलिमायल्जिया, म्हणजे सुजेचा आजार. ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या काढा. सोबत नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं किंवा नजर अंधुक होणं असेल तर त्याच दिवशी पुढे पाठवा, कारण दृष्टी जाऊ शकते.

एमआरआयबद्दल. १९९५ मध्ये शेर आणि सहकाऱ्यांनी खांद्याची काहीच तक्रार नसलेल्या ९६ जणांचा एमआरआय केला. साठीवरच्यांपैकी ५४ टक्के लोकांच्या कफमध्ये थोडी किंवा आरपार फाट होती. म्हणजे तुमच्या पासष्ट वर्षांच्या रुग्णाच्या रिपोर्टमधली फाट त्याच्या दुखण्याचं कारण असेलच असं नाही, ती कदाचित दहा वर्षांपूर्वीही तिथेच असेल. तपासणीत ताकद पूर्ण, लॅग नाही, आणि रिपोर्टमध्ये 'पार्शियल टिअर' (अर्धवट फाट), तर मी हातावर विश्वास ठेवतो. एक्स-रे मात्र जवळजवळ प्रत्येकाचा काढतो, दोन दिशांनी. एमआरआय तेव्हाच, जेव्हा त्याच्या उत्तरानं पुढचा निर्णय बदलणार असेल: ऑपरेशनचा विचार, नसेची गाठ, ट्यूमरची शंका.

केसपेपरवर काय लिहायचं हेही तुम्हाला उपयोगी पडेल. 'शोल्डर मूव्हमेंट पेनफुल अँड रिस्ट्रिक्टेड' या ओळीतून कुणालाच काही कळत नाही, तीन आठवड्यांनी तुम्हालाही नाही. मी लिहितो ते असं: एक्स्टर्नल रोटेशन पॅसिव्ह, उजवा २०, डावा ६५. हात स्वतः उचलणं १००, आपण उचलल्यावर ११०. बाहेर फिरवायची ताकद पूर्ण, लॅग नाही. पोट दाबणं ठीक. मान मोकळी. एवढं वाचलं की कुणालाही रुग्ण न बघता कळेल की हा फ्रोजन शोल्डर आहे, आणि पुढच्या वेळी ते २० चे ३५ झाले की १५, हे तुमच्या आठवणीवर सोडावं लागणार नाही.